बिनपायांचा घोडा

मित्रांनो, मी समुद्रघोडा आहे. कागदाचा आहे आणि आता बराच जुना झालो आहे. समुद्र मी पाहिलेला नाही. आष्टीकडच्या आमच्या गावात तो कोणीच पाहिलेला नसल्यामुळे माझं काही अडलं नाही.

माझा जन्म दुष्काळातला. चौथीच्या वत्सलाबाईंनी मुलांना समुद्रातले जीव शिकवायचं ठरवलं. लगद्यासाठी रद्दी हवी होती. सहकारी साखर कारखान्याचे वार्षिक अहवाल शाळेत गठ्ठ्यांनी पडून होते. गावात पाणी येत नसे, अहवाल मात्र न चुकता येत. ते फाडून, त्यात टँकरचं दोन तांबे पाणी घालून मुलांनी मला घडवलं. लगदा नीट मळला गेला नाही, म्हणून चेअरमन आबासाहेबांच्या फोटोतला एक डोळा माझ्या पाठीवर तसाच राहिला. त्यामुळे मला मागचंही दिसतं.

समुद्रघोड्याची पिल्लं बापाच्या पोटातल्या पिशवीत वाढतात, असं बाईंनी सांगितलं तेव्हा वर्ग खूप हसला. मग प्रत्येकाने लगद्याचं बोटाएवढं पिल्लू केलं, त्यावर आपलं नाव लिहिलं आणि माझ्या पोटात ठेवलं. सकाळी आल्यावर आपलं पिल्लू काढून दोरीला अडकवायचं. पोटात उरलं तो गैरहजर. तपासणीच्या साहेबांनी माझं कौतुक केलं आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

बाईंनी लाटेचा खेळही शिकवला. दोघांनी जुनं लुगडं हलवायचं, ती लाट. बाकीच्यांनी करंगळीने खिडकीचा गज धरायचा, कारण समुद्रघोडा शेपटीने गवत धरतो म्हणून वाहून जात नाही. ज्याचं बोट सुटलं तो हरला. या खेळात पारू कधी हरली नाही. तिची आई आदल्या वर्षी वारली होती.

आता तुम्हाला कोयता समजावून सांगायला हवा. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. ऊस तोडायला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पारूचा बाप ज्ञानोबा आता अर्धाच उरला होता, आणि नुसता अर्धा कोयता मुकादम नेत नाही.

दिवाळी झाली. शाळेसमोर ट्रक लागला आणि ज्ञानोबा पोरीला न्यायला वर्गात आला. मला पाहून थबकला.

"ह्यो घोडा हाय? मग ह्याला पाय कावून न्हाईत?"

"पाय नसल्यावर त्याला कोण कारखान्यावर नेतंय, दादा?" पारू म्हणाली.

"तिला ठेवून जा, ज्ञानोबा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे राहील."

"एकट्याला घेत न्हाईत, बाई. मुकादमाला मी ती चौदाची सांगितलीय."

"दहाची आहे ती."

"मला ठाव हाय. बाप हाय मी तिचा."

पारूने करंगळीने गज धरला. ज्ञानोबाने तिचं बोट ओढलं नाही. तो तिच्याजवळ खाली बसून राहिला आणि उपरण्याने डोळे पुसू लागला. बाहेर हॉर्न वाजत होता.

"रडू नको, दादा. येते मी," असं म्हणून तिनेच बोट सोडलं. दोरीवरचं आपलं पिल्लू काढलं आणि माझ्या पोटात ठेवलं. आपली गैरहजेरी तिने आपल्या हाताने लावली.

माझी पाठ खिडकीकडे होती. ट्रक गेला तो आबासाहेबांच्या डोळ्याने पाहिला. तो डोळा मिटला नाही. छापलेले डोळे मिटत नाहीत.

पारू पुन्हा वर्गात बसली नाही. चार वर्षांनी एकदा आली, ती साडी नेसून, गळ्यात काळे मणी घालून. बाई बोलायच्या आधीच म्हणाली, "आता मी अर्धी न्हाई, बाई. पुरा कोयता झाले." मग माझ्या पोटात हात घालून तिने पिल्लू चाचपलं. "असू द्या हितंच," म्हणाली.

वत्सलाबाईंची पुढे बदली झाली. मी कपाटावर गेलो. वाळवी मला शेपटीकडून खात आली आहे. मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कितीही झालं तरी मी अहवालच, आणि अहवाल कोणी जपत नसतं. पण तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली, तर 'गैरहजर' एवढंच ऐकून पुढे जाऊ नका. तिथे बसणारी कुठे गेली ते विचारा.

खरा समुद्रघोडा वेळ आली की पिल्लं पाण्यात सोडतो. माझ्याकडून एक सुटलेलं नाही. त्यावरचं नाव अजून वाचता येतं. वाळवी पोटापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी हात घाला, आणि ते दोरीला लावा.