कोरं रेकॉर्ड

"सॉरी मेट, आमचे इन्शुरन्सवाले तुला ट्रकवर बसूच देणार नाहीत."

फोनवरचा माणूस तुसडेपणाने बोलला नव्हता. उलट त्याचा आवाज थोडा ओशाळलेलाच होता. सुजित गायसमुद्रेने "नो वरीज" म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपरं टेकून तो बसून राहिला.

स्कोफिल्ड्सच्या त्या नव्या वस्तीत सकाळची शाळेची गडबड संपली की सगळी गल्ली ओस पडते. मोठी माणसं ऑफिसला गेलेली, मुलं शाळेत. अशा वेळी आपण एकटेच घरी आहोत, हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून सुजित पुढच्या खोलीचे पडदे लावून घेई. भर थंडीत हीटर लावायचाही त्याला संकोच वाटे. कमावत नसलेल्या माणसाने ऊब तरी कुठल्या तोंडाने मागायची!

तसा सुजित आळशी नव्हता. लातूरहून डिप्लोमा करून तो बायकोच्या, प्रतीक्षाच्या व्हिसावर इथे आला. नोकऱ्या शोधून दमल्यावर एका पंजाबी मित्राने त्याला ट्रकचं लायसन्स काढायला लावलं. आणि आश्चर्य म्हणजे ते काम त्याला मनापासून आवडलं. पुढची काही वर्षं भाजीपाल्याने भरलेला लांबलचक ट्रेलर घेऊन तो कॅनबेराच्या रस्त्यावर जा-ये करत होता. आपल्या लोकांत बहुतेक सगळे आयटीतले, बँकेतले, पण सुजित छाती पुढे काढून सांगायचा, "मी ट्रक चालवतो."

मग त्याच्या कंपनीचं कंत्राट गेलं आणि ड्रायव्हरांना घरी बसवण्यात आलं. दुसरं काम चुटकीसरशी मिळेल, असं त्याला वाटलं होतं. ड्रायव्हर हवेत अशा जाहिराती जागोजागी होत्या. पण प्रत्येक ठिकाणी बोलणं एका वाक्यापाशी येऊन अडे: "तुझं ड्रायव्हिंग रेकॉर्ड पाठव."

रेकॉर्डवर पॉइंट्स होते. इथे चूक केली की लायसन्सवर दंडाचे पॉइंट्स चढतात आणि ठरलेली मर्यादा गाठली की लायसन्स काही महिन्यांसाठी जातं. सुजितचे थोडे पॉइंट्स वेगाचे होते. खरा दणका बसला होता तो ईस्टरच्या सुट्टीत, पॉइंट्स दुप्पट होतात त्या दिवसांत. चालत्या ट्रकमध्ये डिपोतून फोन आला, त्याने तो उचलून कानाला लावला आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने नेमका तेवढाच क्षण टिपला. मर्यादा अगदी तोंडाशी आली. लायसन्स खिशात होतं, पण त्याच्या भरवशावर कुणी किल्ली हातात देईना.

"फोनच तर उचलला होता!" तो प्रतीक्षाला पुन्हा पुन्हा म्हणे. "कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि शिक्षा बघ!"

दुसरी गाडी विकावी लागली. बुद्धविहारातल्या कार्यक्रमाला तो जाईनासा झाला. कुणी विचारलंच तर "सध्या लीव्हवर आहे" म्हणून सांगे. एके दिवशी मुलगी पायल शाळेतून आली आणि दप्तर टाकत सहज म्हणाली, "डॅड, यू आर होम अगेन?" तिच्या मनात काही नव्हतं. पण सुजित बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला.

अखेर एक दार किलकिलं झालं. एका लहानशा ट्रान्सपोर्ट कंपनीत कॅसँड्रा नावाची बाई ड्रायव्हर नेमायची. तिने त्याचं रेकॉर्ड समोर ठेवून सगळं विचारलं आणि म्हणाली, "मी धोका पत्करतेय. सुरुवातीला छोटा ट्रक, सोबत जुना ड्रायव्हर. रेकॉर्डवर आणखी काही चढलं नाही, तर पुढच्या सोमवारी ये."

त्या दिवशी सुजितने घरी येताना पायलसाठी केक आणला. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी मोठ्याने हसलं.

पण त्याच आठवड्यात नोटीस आली. कॅसँड्राच्या इंटरव्ह्यूला उशीर होऊ नये म्हणून त्याने घरची गाडी जोरात पळवली होती आणि कॅमेऱ्याने ती पकडली होती. हे पॉइंट्स चढले की मर्यादा ओलांडणार. लायसन्स जाणार. नोकरी सुरू होण्याआधीच संपणार!

त्याने पॅरामॅटाला काम करणाऱ्या यतिनला फोन लावला. यतिन त्याचा जुना मित्र, हुशार, चार लोकांच्या अडचणी सोडवणारा.

"अरे, एवढं काय घाबरतोस?" यतिन म्हणाला. "कॅमेरा गाडी बघतो. चालवत कोण होतं, ते आपणच सांगायचं असतं ना? वहिनीचं लायसन्स क्लीन आहे. ती चालवत होती म्हणून टाक. ऑनलाइन होतं. सगळे करतात यार, मीसुद्धा केलंय."

संध्याकाळी सुजितने ही गोष्ट प्रतीक्षासमोर मांडली. ती भाजी चिरत होती. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचं तिचं काम. गाडीशिवाय तेही चालणारं नव्हतं.

"टाक माझ्या नावावर," ती मान वर न करता म्हणाली. "घर तर चालायला पाहिजे."

"थँक यू गं."

"थँक यू कशाला? तू मला विचारलंस कुठे? सांगितलंस."

शनिवारी निवांत बसून तो फॉर्म भरून टाकू, असं सुजितने ठरवलं.

शनिवारी सकाळी तो तिला ब्लॅकटाउनला कामावर सोडायला गेला. तिथे आल्फ्रेड अंकल आणि मिल्ड्रेड आंटी राहत. दोघं मूळचे वसईचे. आंटी इथल्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होत्या. पण डोक्याला मार लागला आणि त्यांचं सगळं इंग्रजी पुसलं गेलं, उरली ती फक्त लहानपणची मराठी. म्हणून तर एजन्सीने मुद्दाम प्रतीक्षाला त्यांच्याकडे पाठवलं होतं. सुजित एरवी तिला दारात सोडून परते. त्या दिवशी अंकलनी त्याला हात धरून आत नेलं.

खिडकीजवळ चाकांच्या खुर्चीत आंटी बसल्या होत्या. सुजितला बघून त्यांनी विचारलं, "शाळा सुटली काय रे?"

"सुटली, आंटी," प्रतीक्षा त्यांच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली.

"मग पोरं अजून का नाय आली?"

अंकलनी चहा ठेवला. "कामाचं काय झालं तुझ्या?" त्यांनी विचारलं.

सुजितने सगळं सांगितलं. ईस्टरच्या फोनचं, कॅसँड्राचं, नोटिशीचं आणि शेवटी यतिनने सुचवलेल्या वाटेचंही. त्यात लपवण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटलंच नाही. "आज भरून टाकतो अंकल, की झालं. सोमवारपासून कामावर."

अंकलच्या हातातला चमचा थांबला.

"माझ्या मिलीला काय झालं, ठाऊक आहे तुला?"

"अ‍ॅक्सिडेंट झाला ना?"

"झेब्रा क्रॉसिंगवर होती ती. अर्ध्याच्या पुढे गेली होती. डिलिव्हरीची व्हॅन आली. पोरगा खाली मोबाइल बघत होता. कोर्टात मी रोज जाऊन बसायचो. त्याच्या मालकाला वकिलाने विचारलं, असल्या माणसाला तुम्ही गाडी दिलीच कशी? मालक म्हणाला, मी रेकॉर्ड बघूनच याला घेतलं होतं. रेकॉर्ड एकदम कोरं होतं."

सुजितने वळून आंटींकडे पाहिलं.

"कोरं होतं, सुजित! कारण त्याचे पॉइंट्स त्याच्या भावाच्या नावावर होते. वहिनीच्या नावावर होते. तो चार वेळा चुकला होता आणि चारही वेळा घरच्यांनी प्रेमाने त्याला वाचवलं होतं. एकाने जरी नाही म्हटलं असतं, तर त्या दिवशी तो पोरगा घरी बसला असता आणि माझी मिली चालत चर्चला गेली असती."

"पण अंकल, मी तसा नाही," सुजित कळवळून म्हणाला. "मी चांगला ड्रायव्हर आहे. एवढी वर्षं ट्रक चालवला, कुणाला धक्का लागला नाही."

"असशील. मला एक सांग. ईस्टरला तू फोन उचललास. काय बोलणं झालं?"

"डिपोचा होता. गाडी मागच्या गेटला लाव म्हणाले. पुढे दुसरा ट्रेलर बंद पडला होता. येताना रिकामे क्रेट्स आण म्हणाले."

"वा, सगळं आठवतं. आता हे सांग, तू बोलत होतास तेव्हा पुढे कुठली गाडी होती?"

सुजितने तोंड उघडलं. त्याला डिपोवाल्याचा आवाज आठवत होता, मध्येच आलेला त्याचा खोकलासुद्धा आठवत होता. पण रस्ता? पुढे मोटारसायकल होती की कार? रस्त्याच्या कडेला कुणी गाडी थांबवून उभं होतं का? त्याने डोळे मिटले. काही नाही! सगळं काळं! एवढा अवजड ट्रेलर शंभरच्या वेगाने पळत होता आणि तेवढा वेळ तो चालवणारा माणूस त्यात नव्हताच!

कुणाला खरचटलं नाही, हे तो इतके महिने अभिमानाने सांगत होता. त्यात त्याची कसली कर्तबगारी होती? त्या दिवशी ट्रकसमोर मिल्ड्रेड आंटी नव्हत्या, एवढंच!

"अंकल," तो कसाबसा म्हणाला, "पण मग मी खायचं काय? ही नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही मला."

"नसेल मिळत," आल्फ्रेड अंकल शांतपणे म्हणाले. "मी तुला खोटा धीर देत नाही. कठीण जाईल. पण पॉइंट्स दुसऱ्याच्या नावावर टाकलेस, तरी धोका तुझ्यापाशीच राहतो, बाबा. तो तुझ्याबरोबर रोज ट्रकमध्ये चढेल. आणि ज्या बाईने विश्वासाने तुला किल्ली दिली, तिला ते कळणारही नाही."

खिडकीजवळून आंटींचा आवाज आला, "पोरं नाय आली का अजून?"

सुजित उठला आणि त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. प्रतीक्षा त्याच्याकडे बघत होती. "मी माझ्याच नावावर घेतो," तो तिला म्हणाला. "तुला मी हे करायला लावत होतो. माझं चुकलं." प्रतीक्षाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. नोकरी गेल्याचं दुःख होतं की सुटकेचा निःश्वास, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्याने गाडीत बसून कॅसँड्राला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं.

"तू सांगितलंस हे बरं केलंस," ती म्हणाली. "पण मी आता तुला घेऊ शकत नाही."

"लायसन्स परत आल्यावर फोन करू?"

"कर. पण मी शब्द देत नाही."

वाचकहो, पुढे सगळं सुरळीत झालं, असं सांगायला मलाही आवडलं असतं. पण तसं झालं नाही. लायसन्स गेलं. सुजित एका शीतगृहात खोकी भरायच्या कामाला लागला. पहाटे अंधारात ट्रेन, मग बस, मग लांबवर चालत. हाताची बोटं संध्याकाळपर्यंत बधिर राहत. पुढे लायसन्स परत आलं, तेव्हा त्याने कॅसँड्राला फोन केला. त्या जागेवर दुसरा माणूस कधीच लागला होता. इतरांची उत्तरं तीच होती. रेकॉर्डवरचे डाग जायला वर्षं लागतात. मोठ्या ट्रकवर तो आजही चढलेला नाही आणि कधी चढेल, हे त्याला माहीत नाही. काही संध्याकाळी तो कुणाशीही न बोलता भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

पण विहारात तो पुन्हा जायला लागला. एका रविवारी वंदनेनंतर सगळे चहा घेत होते. नुकतंच लग्न झालेला अनुप त्याच्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "सुजितदादा, तू ट्रकवाला, तुला माहीत असेल. माझे पॉइंट्स फुल होतायत. निहारिकाच्या नावावर कसे टाकायचे?"

सुजितने आवाज खाली केला नाही. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असा तो बोलला. शीतगृहाचं सांगितलं, नोकऱ्या कशा हुकल्या ते सांगितलं, मिल्ड्रेड आंटींचं सांगितलं. यतिन चहाचा कप घेऊन कोपऱ्यात उभा होता. त्याने एकदाही मान वर केली नाही. निहारिका ताटल्या घेऊन चालली होती, ती जागच्या जागी थांबली.

"अनुप," ती म्हणाली, "मी नाही हं घेणार तुझे पॉइंट्स. राग आला तरी चालेल. काही महिने ट्रेनने जा."

अनुपचा चेहरा पडला. पण मग तो मान हलवत म्हणाला, "बरं. ट्रेनने जातो."

मित्रहो, आपण परदेशात आलो, मेहनत केली, घरं उभी केली. इथला कायदा आपल्याला जाच वाटतो आणि त्यातून पळवाट काढली की आपण स्वतःला हुशार समजतो. बायकोच्या, भावाच्या, पाहुणे म्हणून आलेल्या सासऱ्यांच्या नावावर आपण आपली चूक खपवतो आणि त्याला घरच्यांचं प्रेम म्हणतो. ते प्रेम नव्हे! ज्याला थांबवायला हवं, त्याला आपण पुन्हा स्टिअरिंगवर बसवतो. आपला माणूस चुकला तर त्याला शिक्षा भोगू द्या आणि ती भोगताना त्याच्या शेजारी बसा, त्याला जेवायला वाढा, त्याची लाज वाटून घेऊ नका. आणि गाडी चालवताना फोन वाजला, तर वाजू द्या. पलीकडचा माणूस थांबेल. रस्ता ओलांडणाऱ्याला मात्र थांबायला वेळ मिळत नाही.