दाजींचं नाक

दाजी गोदामात माल उचलणारी, गॅसवरची फोर्कलिफ्ट चालवायचे. त्यांचा मेहुणा तिथेच कामाला लागला आणि तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून हमालापासून साहेबांपर्यंत सगळेच दाजी म्हणू लागले. एका लग्नात एवढे मेहुणे फुकट मिळाले, असं बायको हसून सांगायची.

त्या दिवशी दुसरा फोर्कलिफ्टवाला आलाच नव्हता. दोघांचं काम एकट्याने ओढून दाजींच्या कमरेचा पार भुगा झाला होता. त्यातच गॅस संपत आला. गाडी मागच्या उघड्या शेडमध्ये नेऊन त्यांनी सिलिंडरचा कॉक बंद केला, पाइपातला उरलेला गॅस जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली. चावी काढली, हातमोजे चढवले, रिकामा सिलिंडर उतरवून भरलेला बसवला, पट्टे आवळले, जोड घट्ट केला आणि कॉक हळूच उघडला. आता गॅस गळतोय का ते बघायला जोडावर साबणाचं पाणी टाकायचं होतं, पण बाटली कोरडी होती आणि नळ होता पार दुसऱ्या टोकाला. पाय नको म्हणाले. इतकी वर्षं बदलतोय, काय होतंय, असं मनाशी म्हणत ते सीटवर चढले.

"दाजी, चावी लावू नका." मेहुणा गोदामाच्या मागच्या दारातच थबकला होता. "वास मारतोय."

दाजी खाली उतरले. मेहुण्याने पुढे होऊन कॉक बंद केला. दोघं लांब मोकळ्यावर जाऊन उभे राहिले. वास गेल्यावर जोड सोडून पाहिला, तर आतलं रबरी वायसर चिरलेलं.

"एवढा उग्र वास, तुम्हाला आला नाही?"

"नाही येत. मागे ताप आला होता ना, तेव्हापासून कसलाच वास येत नाही."

"ताईला माहीत आहे?"

"परवा दूध करपलं, मी शेजारीच बसलो होतो. तिला तेव्हाच कळलं."

मेहुण्याने चिरलेलं वायसर बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही."

"तू नको सांगूस. मीच सांगतो."

साहेबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत, ते दाजींना जास्त लागलं. गाडी तुम्हीच चालवा, म्हणाले, सिलिंडरला मात्र आजपासून हात लावायचा नाही. ते काम मेहुण्याकडे गेलं. ज्याला बोट धरून आणलं, त्याच्यासाठी आता गाडी उभी करून थांबायचं. दाजींनी मान हलवली. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं, आणि साहेबांचं चुकतही नव्हतं.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी विसळता विसळता थांबली.

"चावी लावली असतीत तर?"

"लावली नाही ना."

"तो आला म्हणून." ओल्या हातानेच ती समोर येऊन बसली. "उद्या डॉक्टरकडे जायचं. सुट्टी मिळो न मिळो."

"जाऊ," दाजी म्हणाले आणि जेवायचं तसंच ठेवून भिंतीला टेकले. ती काहीतरी विचारत होती, पण त्यांचा डोळा लागला होता.