दाराची प्लेट

बायको गेल्यापासून मागच्या दाराशी ठेवलेली लोखंडी प्लेट कुणी हलवली नव्हती. आप्पा केरसुद्धा तिच्या कडेकडेनं काढायचे. दार वाऱ्यानं आपटतं म्हणून बायकोनंच ती आपल्या गॅरेजच्या शेडवरून उचलून आणली होती. पुढच्याच आठवड्यात तिनं अंथरूण धरलं.

"आप्पा, ती प्लेट लागेल मला," लेक सकाळी म्हणाली.

"दुसरी बनव."

"बनवीन की. तोवर वकीलसाहेब इंजिन दुसरीकडे नेतील. आधीच त्यांचा माझ्यावर भरवसा नाही."

आप्पांनी आयुष्यभर बस चालवली. इंजिनाचं काम बायकोचं, शेडही तिचीच. ती शेड आता लेकीकडे आली होती आणि पहिलंच मोठं काम आलं, ते वकीलसाहेबांच्या जुन्या गाडीचं. त्यांना ती शर्यतीत उतरवायची होती. लेकीनं इंजिनाचा ब्लॉक धुऊन, तेलाच्या वाटा ब्रशनं साफ करून लख्ख केला होता. सिलिंडर आतून घासून शेवटचा हात मारायचा तेवढा राहिला होता.

दुपारी आप्पा डबा घेऊन शेडवर गेले, तर वकीलसाहेब आधीच हजर.

"मापं बरोबर आहेत ना? मग घास आणि मोकळी हो. तुझी आई असती तर एव्हाना गाडी सुरू झाली असती."

"आई असती तर तुम्हाला आधी बाहेर बसवलं असतं," लेक म्हणाली. "वर हेडचं झाकण बसवून बोल्ट आवळले की सिलिंडर दबतो, त्याची गोलाई बिघडते. रोजच्या गाडीला चालून जातं, शर्यतीच्या नाही. म्हणून हेडच्या जागी जाड प्लेट आवळायची आणि मग घासायचं."

"मग कुठंय ती प्लेट?"

लेक चिंधीनं ब्लॉक पुसत राहिली. बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. आप्पांना तेच लागलं.

ते घरी आले, दाराशी उकिडवे बसले. प्लेट उचलली, तर खालची फरशी तेवढी स्वच्छ. केवढं ते धूड! आणि बायकोनं पोर कडेवर घ्यावं तसं ते आणलं होतं. त्यांनी ते सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि चालत निघाले.

शेडवर लेकीनं प्लेट आवळली, तिच्या भोकातून मापाचा गेज आत सोडला. प्लेटेविना ढिम्म असलेली त्याची सुई आता बोल्टांजवळ सरकली; तिथं गोलाई बिघडली होती.

"अरेच्चा," वकीलसाहेब म्हणाले आणि मुकाट्यानं स्टुलावर बसले.

लेक घासायची, पुसायची, मापायची. सुई जागची हलेनाशी झाली तेव्हाच तिनं चिंधी टाकली.

"कुठून मागवलीत ही?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मागवली नाही," आप्पांचा आवाज चढलाच. "हिच्या आईनं केलीय. आणि हात हिचा आहे."

"आईवर गेलीय पोरगी."

"हाताला आईसारखीच. तोंडाला जरा जास्त."

लेक हसली. आप्पा निघाले तशी तिनं प्लेट सोडवून, पुसून पुढं केली. "घ्या, तुमच्या दाराला."

"राहू दे इथंच."

संध्याकाळी मागचं दार दणादण आपटायला लागलं. शेजारीण भिंतीवरून ओरडली, "अहो आप्पा, दार!"

"असू दे हो," आप्पा म्हणाले. "प्लेट कामावर गेलीय."