खुर्च्यांवरचं सौजन्य

देणग्यांच्या नव्या नियमावरून शिडी पक्ष आणि किटली पक्ष दोन वर्षं भांडत होते. शिडीवाल्यांचं म्हणणं, किटलीवाले धरण बांधणाऱ्यांच्या पैशावर माजलेत. किटलीवाल्यांचं म्हणणं, शिडीची एकूण एक पायरी औषध कंपन्यांनी ठोकून दिली आहे. दोघंही खरं बोलत होते, म्हणूनच एवढा आरडाओरडा झाला. शेवटी नियम ठरला. पक्षाला कुणी पैसा किंवा वस्तू फुकट दिली, तर त्याचं नाव जाहीर होणार आणि त्याला पाच वर्षं सरकारी काम मिळणार नाही. मात्र देणगी एखाद्या न्यासामार्फत दिली, तर नाव विचारायचं नाही. या एका कलमावर मात्र दोन्ही पक्षांचं मिनिटभरात जमलं. धरणवाल्यांनी आणि औषधवाल्यांनी त्याच आठवड्यात आपापले न्यास काढले. मग नियमात पकडायला उरलं कोण? खुर्चीवाले काका.

काका सभा-समारंभांना खुर्च्या भाड्याने देत. लोखंडी घडीच्या आठशे खुर्च्या, एक टेम्पो, एक गोदाम आणि एक बायको असा त्यांचा पसारा. टेम्पोसकट सगळं त्यांच्या ऐकण्यातलं, बायको सोडून.

आता थोडं काकांच्या खुर्च्यांवरच्या शब्दाविषयी. वीस वर्षांपूर्वी लोक काकांच्या खुर्च्यांवर बूट घालून उभे राहत, भांडण झालं की त्याच उचलून हाणत. काका वैतागले होते. एकदा बँकेत त्यांना पाटी दिसली, ‘सौजन्य सप्ताह’. याचा अर्थ काय, असं त्यांनी कारकुनाला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "नीट वागा." काकांना शब्द फारच आवडला. त्यांनी पाट्या रंगवणाऱ्या मेहुण्याला बसवून आठशे खुर्च्यांच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, ‘सौजन्य’. खाली जागा उरली, म्हणून मेहुण्याने ‘खुर्चीवाले’ असंही लिहून टाकलं. लोक नीट वागले नाहीत ते नाहीतच, पण काकांना आपण समाजासाठी काहीतरी केलं असं वाटत राहिलं.

आणि एके दिवशी निवडणूक कार्यालयाची नोटीस आली. तक्रारी दोन होत्या. शिडीवाले म्हणत होते, काका किटलीचे छुपे देणगीदार आहेत. किटलीवाले म्हणत होते, काका शिडीचे. पुरावा दोघांचा सारखाच, समोरच्याच्या सभेचा फोटो. त्यात पाठमोऱ्या खुर्च्यांच्या रांगा आणि प्रत्येकीवर ‘सौजन्य खुर्चीवाले’.

काकांनी नोटीस तीनदा वाचली. मतदान केंद्रांना आणि परीक्षांना खुर्च्या पुरवायचं सरकारी काम त्यांच्याकडे होतं. वर्षातले सात महिने घर त्यावरच चाले. ते गेलं की आठशे खुर्च्यांवर दोघांनी आळीपाळीने बसायचं, एवढंच उरणार होतं.

"पण दोघांनीही भाडं दिलंय की!" काका म्हणाले.

"पावती कुठंय?" बायकोने विचारलं.

पावती नव्हती. दोन्हीकडचे कार्यकर्ते वर्तमानपत्रात गुंडाळून पैसे देत आणि वर म्हणत, "काका, तुमच्या-आमच्यात पावती कसली?" या आपलेपणाने काका दरवेळी विरघळत.

सुनावणीला ते दोघं कार्यालयाच्या लांबोळक्या खोलीत भिंतीला पाठी टेकवून मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. काकांना खुर्ची फार ओळखीची वाटत होती, पण घाबरलेल्या माणसाला असं होतच असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"तुमच्या सभेला खुर्च्यांचं भाडं दिलंत का?" अधिकाऱ्यांनी शिडीच्या वकिलांना विचारलं.

भाडं दिलं म्हणावं, तर ते प्रचाराच्या खर्चात दाखवलेलं नव्हतं. नाही म्हणावं, तर देणगी घेतली असं झालं असतं. वकिलांनी तिसराच रस्ता काढला.

"आमच्या सभेला खुर्च्याच नव्हत्या, साहेब. लोक उत्साहाने उभे होते."

"मग फोटोत हे काय?"

"ते जरा वाकून उभे आहेत."

किटलीचे वकील खो-खो हसले. तोच प्रश्न त्यांना आला, तेव्हा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "आमचे लोक खुर्च्या घरून आणतात." पैशांच्या पुडक्याविषयी दोघांनीही कानांवर हात ठेवले. दोन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं, काकांना बुडवताना त्यांचा सूर असा काही लागला होता, की काकांना रडूच यायला लागलं.

"‘सौजन्य’ म्हणजे प्रायोजक, हे शेंबडं पोरही सांगेल," शिडीचे वकील म्हणाले. किटलीच्या वकिलांनी मान डोलावली. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं.

बायको उठली. "साहेब, जरा उभे राहता का?"

"मी?"

"हो. आणि आपली खुर्ची वळवून बघा."

अधिकाऱ्यांनी खुर्ची वळवली. पाठीवर होतं ‘सौजन्य खुर्चीवाले’. त्यांनी शेजारची वळवली. मग कारकुनाची. खोलीतली झाडून सगळी माणसं काकांच्या सौजन्यावर बसली होती. कार्यालयाच्या खुर्च्या दुरुस्तीला गेल्या होत्या आणि कुणा कारकुनाने टेम्पोवरच्या पोराला निरोप देऊन चाळीस मागवल्या होत्या; पोराने ते फक्त बायकोला सांगितलं होतं.

"भाडं अजून दिलेलं नाही," बायको म्हणाली. "म्हणजे आपणही देणगीच घेतली ना? आपलं नाव कुठल्या यादीत टाकायचं, तेवढं सांगा."

साहेबांनी पेन मिटलं. अर्ध्या तासात निकाल आला. ‘सौजन्य’ हा शब्द देणगीचा पुरावा धरता येत नाही. तक्रारी फेटाळल्या, सरकारी काम कायम. मात्र गैरसमज टाळण्यासाठी खुर्चीवाल्यांनी तो शब्द पंधरा दिवसांत स्वखर्चाने पुसून टाकावा. दोन्ही पक्षांना काहीच शिक्षा नव्हती. ते नियमात बसत नव्हतं.

काका आणि बायको सकाळ-संध्याकाळ गोदामात बसून रंग खरवडू लागले. बोटांची सालं निघाली. सहाशे खुर्च्या झाल्या असतील, तेवढ्यात शिडी आणि किटलीचे कार्यकर्ते एकाच वेळी दारात हजर झाले. दोघांनाही रविवारी सभेला खुर्च्या हव्या होत्या.

"काका, नेहमीसारखं बघून घ्या," एक जण म्हणाला. "तुमच्या-आमच्यात पावती कसली!"

काकांनी हातातली खुर्ची वळवून त्याच्यासमोर धरली. पाठीवर नुसतं ‘खुर्चीवाले’ उरलं होतं.

"आधी पावती," काका म्हणाले. "सौजन्य सरकारने खरवडायला लावलंय."