सारोळ्याहून आणलेली बॅटरी

मानसिंगची गाडी मार्गासनीच्या पुढं बंद पडली, तेव्हा तिच्यात राजगड चढायला निघालेली पुण्याची माणसं बसली होती. समोर बिघाडाचा लाल त्रिकोण पेटला आणि गाडीनं मान टाकली. पाहुण्यांना टेम्पोत बसवून पालीला धाडावं लागलं. गाडी हायब्रिड होती, जुनी घेतलेली. कधी पेट्रोलवर पळायची, कधी मागच्या सीटखालच्या मोठ्या बॅटरीवर, आणि बॅटरीवर असली की आवाज कसला तो यायचाच नाही. पालीच्या वरच्या अंगाला मानसिंगचं घर. घरात आई ठकुबाई, बायको धनश्री, आणि मागं शेरडं. गडावर येणाऱ्यांची ने-आण करायची, त्यांना पिठलं-भाकरी जेवू घालायची, यावर त्यांचं बरं चाललं होतं.

गाडी बंद पडल्यावर जो तो शहाणा झाला. कुणी म्हणालं, हायब्रिडची बॅटरी गेली म्हणजे गाडी भंगारात गेली, ती बॅटरी बदलताच येत नाही. कुणी म्हणालं, घरच्या बोर्डावरून चार्जिंगला लावून ठेवा. पण तिला चार्जिंगची सोयच नव्हती, तिचं इंजिनच तिची बॅटरी भरायचं. मार्गासनीच्या धनाजी मेस्त्रीनं छोटी काळी बॅटरी बदलून पाहिली, कारण त्याच्या लेखी बॅटरी म्हणजे तीच. लाल त्रिकोण हलला नाही. मग त्यानंच सारोळ्याचं नाव काढलं. हायवेवर अपघात झालेल्या गाड्या तिथं एका आवारात उभ्या असतात, त्यातल्या एखादीची मोठी बॅटरी काढून आणू, गाडी चेपली तरी बॅटरीला काय होतंय, असं त्याचं म्हणणं पडलं.

धनश्रीही सोबत गेली होती. नीरेच्या पुलाच्या अलीकडं, उसाला लागून ते आवार होतं. तसलीच एक पांढरी गाडी कोपऱ्यात उभी होती, पुढून पार चेपलेली. मागच्या सीटवर गुलाबी लोकरीची लहानशी टोपी पडली होती. तिनं आवारवाल्याला विचारलं, "हिच्यातली माणसं?"

तो बॅटरीचे बोल्ट सोडवणाऱ्या धनाजीकडं बघत म्हणाला, "आमच्याकडं फकस्त गाड्या येतात, बाई."

बॅटरी बसवली आणि गाडी सुरू झाली. मानसिंग खूश होता. पण त्याच आठवड्यात धनश्रीला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. वेल्ह्याच्या बाजारात गाडी उभी करून मानसिंग मिरच्या आणायला गेला होता आणि ती पुढं एकटी बसली होती. मागून कुणीतरी हळूच श्वास सोडला. मग घेतला, मग पुन्हा सोडला. झोपलेल्या माणसासारखा. तिनं वळून बघितलं. सीट रिकामी होती. पुढच्या काचा कोरड्या होत्या, मागच्या काचेवर मात्र वाफ धरली होती. ती दार उघडून खाली उतरली आणि मानसिंग येईपर्यंत उन्हात उभी राहिली.

घरी शेरडंही गाडीजवळून जाताना अंग चोरायला लागली. ठकुबाईनं एकदाच विचारलं, बॅटरी कुठल्या गाडीची. धनश्रीनं टोपीचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "वस्तूसंगं मानूस येतं, पोरी. बोलावलं न्हाई तरी येतं."

मानसिंगनं आईची थट्टा केली. पण त्यानंतर मागच्या सीटवरचं सामान काढायचं असलं की तो धनश्रीला सांगायचा, हे तिच्या ध्यानात आलं होतं.

पौषातली गोष्ट. गुंजवणीच्या खोऱ्यातून वर आलेलं धुकं दुपार कलली तरी हटलं नव्हतं. धनश्री घरामागच्या चढावरच्या रानात पावट्याच्या शेंगा तोडत होती. खालून मानसिंगची हाक आली, गाडी लावलीय, शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर पालीला जाऊन येतो. तिनं ओ दिली. धुक्यात घर दिसत नव्हतं, गाडी ठेवायचं पत्र्याचं शेडही दिसत नव्हतं. त्या शेडमध्येच, मागच्या अंगाला पोत्यांच्या पडद्याआड, थंडीमुळं शेळ्यांची करडं बांधलेली असत.

पदराचा ओटा भरत आला होता, तेवढ्यात हॉर्न वाजला. एकच, लांब, न थांबणारा. मानसिंग परत आला असेल, बोलावत असेल, असं वाटून तिनं दोन हाका मारल्या. हॉर्न चालूच. तो आवाज तिला पुढं किती तरी दिवस ऐकू येत राहिला. त्यात घाई नव्हती, राग नव्हता, फक्त दाबून धरलेला हात होता. तिनं ओटा सोडला, शेंगा तिथंच सांडल्या आणि ती बांधावरून घसरतच खाली आली.

अंगणात पाय टेकला आणि हॉर्न थांबला.

शेडचं दार आतून ओढून घेतलेलं होतं. आत इंजिन धडधडत होतं. तिनं दार उघडलं, तसा कोंदट, गरम वास तोंडावर आला. गाडीत कुणी नव्हतं. पडद्याआडून ठकुबाईचे पाय तेवढे दिसत होते. म्हातारी करडांना पाला घालायला आली होती, वारं लागू नये म्हणून तिनंच दार लावलं होतं, आणि ती भिंतीला टेकून तिथंच कलंडली होती. धनश्रीनं तिच्या काखेत हात घातले आणि तिला फरफटत अंगणात आणलं. मग करडं आणली. एक गेलं होतं. ती शेवटचं करडू घ्यायला आत गेली, तेव्हा इंजिन तिच्या डोळ्यांदेखत आपसूक बंद झालं, आणि त्या शांततेत मागच्या सीटमधून श्वास ऐकू आला. घेतलेला, सोडलेला.

तिची ओरड ऐकून शेजारी धावले. ठकुबाईला टेम्पोत घालून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. बंद शेडमध्ये कोंडलेला इंजिनचा धूर अंगात गेला होता, म्हणून ऑक्सिजन लावला. अंधार पडायच्या आत तिनं डोळे उघडले. मानसिंग पायाशी बसून होता.

त्यानं गाडीला हात लावायचंच सोडलं. ती गंजू दे म्हणाला. धनश्रीच मग भोरच्या एका ओळखीनं संजीवनीपर्यंत पोचली. ही भोरचीच मुलगी, पुण्यात हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं रीतसर शिकलेली. ती रविवारी आली, सगळं ऐकून घेतलं, हसली नाही. सीट उचलून तिनं आतला पंखा दाखवला. बॅटरी तापली की तो तिला वारा घालतो. त्याच्या जाळीत शेरडांचे केस बसले होते, म्हणून तो धापा टाकल्यासारखा वाजायचा. भंगारातली बॅटरी आधीच थकलेली होती, लगेच उतरायची, आणि ती भरायला इंजिन घडीघडी आपणहून सुरू व्हायचं.

"पन मी गाडी बंद करून गेलो व्हतो," मानसिंग म्हणाला.

"बंद नव्हती, दादा. आवाज नव्हता," संजीवनी म्हणाली. "ही समोरची 'रेडी'ची हिरवी अक्षरं पेटलेली असली म्हणजे गाडी चालू. किल्ली तुमच्या खिशात गेली तरी चालूच राहते. लोकांना वाटतं, गप्प आहे म्हणजे झोपली."

मानसिंग खाली बसला. धनश्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग तिनं हॉर्नचं विचारलं. संजीवनीनं स्टिअरिंगवर तळहात दाबला. काहीच वाजलं नाही. तिनं बॉनेट उघडून वाकून बघितलं आणि एक वायर बोटांत धरून वर दाखवली. उंदरानं कुरतडलेली, टोकाला हिरवा गंज चढलेला.

"हा हॉर्न लई दिवसांपासून बंद असणार," ती म्हणाली आणि तिनं बॉनेट लावलं.

गाडी ओढून पुण्याला नेली. नवी बॅटरी बसवताना धनाजीही मुद्दाम बघायला गेला होता. संजीवनीनं जाड रबरी हातमोजे घातले, मागचा करंट तोडणारा नारिंगी खटका उपसून काढला आणि आत साठलेला करंट उतरेपर्यंत कशालाही हात न लावता कितीतरी वेळ नुसती थांबून राहिली. मेलेल्या बॅटरीतही माणूस मारण्याइतका करंट असतो, असं तिनं सांगितलं, तेव्हा धनाजीनं आपले उघडे हात हळूच खिशात घातले. सारोळ्याची बॅटरी कारखान्यात जाणार होती, तिथं ती सुटी करतात. ती ट्रॉलीवरून नेताना धनश्री दारापर्यंत मागं मागं गेली. का गेली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दवाखान्यातून आल्यापासून ठकुबाई त्या दिवसाबद्दल बोलली नव्हती. एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं आपण होऊन सांगितलं.

"कोन तरी लहान व्हतं गं. 'आज्जी, हितं निजू नगा,' म्हनलं. म्या म्हनलं, मला उठवत न्हाई. तर म्हनलं, थांबा, मी बोलावते."

धनश्रीनं भाकरी उलटली.

आता गाडी बिनबोभाट पळते. लाल त्रिकोण नाही, धापा नाहीत, हॉर्नची वायरही नवी आहे. उतरताना मानसिंग हिरवी अक्षरं विझल्याचं दोनदा बघतो. ठकुबाई बाजाराला जाते तेव्हा मागच्या सीटवर खिडकीशी बसते, अंग आवरून, पिशवी मांडीवर घेऊन. पाहुण्यांपैकी कुणी मधे बसायला लागलं, तर ती त्यांना गोड बोलून पलीकडच्या खिडकीशी बसवते. मधली जागा पार वेल्ह्यापर्यंत रिकामी राहते, आणि त्यावरून तिला घरात कुणी काही बोलत नाही.