मागूनही लावलेला रंग

"टक्," एवढंच बोलून गाडी गप्प बसली.

मावशीनं स्टिअरिंगवर असा हात आपटला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. क्लबच्या मैदानावर गवत कापायची ही बसायची गाडी ती सात वर्षं चालवत होती. इतकी वर्षं गाडीनं कधी हूं की चूं केलं नाही, आणि आता दोन महिन्यांत तिसरी नवी बॅटरी आडवी झालेली. काल सेक्रेटरीनं सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "मावशी, तुम्ही चावी चालू ठेवून घरी जाता. वहीत तसा शेरा मारलाय मी. उद्या चारला ठेकेदाराचा ड्रायव्हर येतोय, गाडी त्याच्या ताब्यात द्या. तुम्ही आपला झाडू घ्या."

झाडू! तो शब्द कालपासून तिला काट्यासारखा सलत होता.

म्हणून तर आज तिनं धाकट्या दिराला भरल्या ताटावरून उठवून आणला. दीर पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. माणूस हुशार, पण हात गोगलगायीचे आणि तोंड रेडिओचं.

"वहिनी, निदान भात तरी संपवू द्यायचा."

"भाऊजी, चार वाजता माझी गाडी जाणार आहे. भात कुठं जात नाही."

दिरानं खिशातून पिवळा मीटर काढला, फुंकर मारली, लाल पिन बॅटरीच्या एका टोकाला, काळी दुसऱ्याला टेकवली. "अकरा पॉइंट आठ. उपाशी आहे बिचारी. माझ्यासारखी."

"विनोद नकोत."

"क्लबच्या मेस्त्रीनं काय बघितलं होतं?"

"तीनदा आला मेला! तीनदा नवी बॅटरी बसवली, बंद गाडीवर मीटर लावला, साडेबारा दाखवतंय म्हणाला, हात झटकले. वर मलाच शहाणपण, बाई, चावी काढत जा!"

"बंद गाडीवर?" दीर हसला. "नवी बॅटरी साडेबारा दाखवणारच की. भरलेल्या हंड्यात पाणी आहे का बघितलं त्यानं. नळाला पाणी येतंय का, ते कोण बघणार?"

त्यानं शेडबाहेर उभ्या टेम्पोच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू केली, वायरी काढल्या आणि मावशीला म्हणाला, "आता रेस पूर्ण द्या." इंजिन गरजलं. मीटर पुन्हा बॅटरीवर. "इथं चौदाच्या आसपास पाहिजे. वाचा."

"अकरा पॉइंट नऊ."

"आता?"

"अकरा पॉइंट आठ. उतरतंय!" मावशी ओरडली. "बघा! चावीचा काय संबंध? गाडीच चार्ज करत नाही! दोन महिने मला चोरासारखं बोलतायत!"

"थांबा हो, अजून चोर सापडलेला नाही."

फ्यूज काढून बघितला, धड होता. मग त्यानं इंजिनाकडून येणारा प्लग सोडला. इंजिनाच्या चाकाखाली तारेची गुंडाळी असते, करंट तिथं तयार होतो. मीटरची चकती त्यानं एसीवर वळवली आणि दोन्ही तारांत पिना खुपसल्या. "अठ्ठावीस. गुंडाळी ठणठणीत. म्हणजे करंट निघतोय घरातून, पण पोचत नाही. मधे एकच माणूस आहे." त्यानं बोट दाखवलं. पत्र्यावर दोन बोल्टांनी आवळलेली मुठीएवढी डबी. रेग्युलेटर, करंट बॅटरीच्या मापाचा करून देणारा.

"मग तीच गेली असणार. बदला."

"वहिनी, तुम्ही सेक्रेटरीसारख्या बोलायला लागलात. आधी तपासायचं, मग फाशी." त्यानं गाडी बंद केली, मीटर आवाजावर ठेवला, रस्ता जुळलेला असला की तो वाजतो. "ह्या डबीला वेगळी काळी वायर नसते. अंगानं पत्र्याला टेकलेली असते, तोच तिचा परतीचा रस्ता." एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकाला धरली, दुसरी डबीच्या अंगात रुतवली. मीटर 'पीं' करायला हवा होता. केला नाही. पत्र्याच्या उघड्या जागी टेकवली, तिथं मात्र 'पीं'.

"डबी पत्र्याला टेकूनही टेकलेली नाही," दीर पुटपुटला आणि पाना लावला.

डबी हातात आली. मावशीनं ती पालथी केली. मागची बाजू हिरवीगार. बोल्टांखाली, पत्र्यावरही तोच चकचकीत हिरवा, दोन हात दिलेला.

मावशीनं तो रंग ओळखला.

दोन महिन्यांपूर्वी स्पर्धा होती. फाटकाचा रंग उरला होता आणि तिनं दोन दिवस बसून गाडी रंगवली होती. नुसती वरवर नाही. एकेक बोल्ट काढून, गंज घासून, जे कुणाला दिसणार नाही तेही. लोक 'नवी घेतली का' विचारत होते आणि ती फुगत होती.

"कोणी केला हो हा उद्योग?" दिरानं विचारलं.

"मी."

तिच्या तोंडाकडे बघून तो हळूच म्हणाला, "खरवडून टाकतो. वायर सुटली होती म्हणून सांगू. कुणाला कळतंय?"

मावशीच्या तोंडावर 'हो' आलं होतं. अगदी ओठापर्यंत. आणि त्याचाच तिला इतका संताप आला की तिनं पॉलिश पेपर त्याच्या हातातून हिसकावला. "मी थापा मारू? दोन महिने दुसऱ्याची थाप ऐकून घेतली, आता स्वतःची तयार करू?" ती पत्रा अशी घासत होती की जणू सेक्रेटरीचंच टक्कल आहे. हिरवा भुगा उडाला, खालून पांढरा पत्रा निघाला.

डबी परत आवळली. गाडी चालू. बारा पॉइंट सहा, तेरा पॉइंट दोन, आणि हळूहळू चौदा पॉइंट एक.

पावणेचारालाच सेक्रेटरी आला, मागं मिशीवाला ड्रायव्हर. मावशीनं सेक्रेटरीला मीटरसमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. काही शिल्लक ठेवलं नाही.

सेक्रेटरीचे डोळे चमकले. "म्हणजे शेवटी चूक तुमचीच!"

"माझीच! रंग मी लावला, मागूनही लावला. पण चावी मी एकदाही विसरले नाही. मेस्त्रीनं चालू गाडीवर एकदा मीटर लावला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आणि तुम्ही? काही न बघता लिहून मोकळे! वही आणा."

"आता वहीचं काय..."

"वही आणा म्हणते ना!"

मिशीवाला ड्रायव्हर खाकरला. "साहेब, आणा. मला तर मीटर धरायलाही येत नाही. उद्या गाडी बंद पडली की माझ्या नावावर काय लिहाल, ते कळलं मला. मी नाही घेणार ही गाडी."

वही आली. चावीचा शेरा खोडला गेला. सेक्रेटरीनं लिहिलं, 'रंगामुळे चार्जिंग बंद होते.'

"कुणी लावला ते लिहा."

त्यानं लिहिलं. कान लाल झाले होते. "एक महिना बघू," तो पेन झाकत म्हणाला, "तोवर चालवा."

"महिना तुम्ही बघा. मला गवत आहे."

तिनं पाती खाली सोडली. सेक्रेटरी नेमका तिच्या पहिल्या ओळीत उभा होता. तिनं हॉर्न नाही वाजवला, वेगही कमी नाही केला. वही छातीशी धरून तोच टुणकन बाजूला झाला.