घणघण्या

मित्रांनो, मी रेल्वेच्या रुळाचा एक जुना तुकडा आहे. माझी लांबी हातभर. अंबरनाथमध्ये लष्कराने सोडलेल्या एका बराकीच्या वाशाला मला तारेने टांगले आहे. पूर्वी बदलापूरच्या बाजूला गाड्यांची चाके माझ्यावरून धावत. माथा झिजला तेव्हा मला कापून काढले. मग सैनिक हातोडीने मला ठोकून जेवणाची वेळ सांगू लागले. ते गेले आणि बराकीच्या टोकाच्या खोलीत बालवर्ग भरू लागला; मी त्याची घंटा झालो. माझा आवाज लांबवर पोचतो म्हणून लोक कौतुक करत. मलाही त्याचा अभिमान होता.

त्याच बराकीत चार वर्षांची अंजनी राहायची. ती जेवायला फार रेंगाळे. माझा ठोका पडला की तिची आजी वेणूबाई म्हणे, "जेव गो बाय. नाय तर घणघण्या नेईल तुला. न जेवणारी पोरं खातो तो."

घणघण्या म्हणजे मी.

अंजनी हुशार होती. तिने विचारले, "मग दुपारी वर्गातून बाहेर येतात ती कोण?"

"ती उरलेली," आजी हसत म्हणाली.

अंजनी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दाराआडून पाहू लागली. मूल वर्गात गेले की ती उंबऱ्यावर एक खडा ठेवी आणि मूल बाहेर आले की एक उचले. रोज उंबरा रिकामा होई. एके दिवशी मात्र एक खडा उरला.

खडा मुठीत धरून तिने त्या दिवशीचे घास न चावता गिळले. त्यानंतर माझा ठोका पडला की ती बाजेखाली शिरे. आवाज लहान करणे माझ्या हाती नव्हते. कुणी हातोडी उचलली की आता मलाच धडकी भरे.

अशातच आजीचे भातलावणीसाठी सोनिवलीला जायचे ठरले. वडील शहाडला कामाला, आणि सोमवारपासून आई इंदुबाईही आगपेट्यांच्या कारखान्यात लागणार होती. अंजनीला बालवर्गात घालण्यावाचून गत्यंतर नव्हते. आईने तिला झगा शिवला, डबा घेतला, पूर्ण नाव सांगायला शिकवले. अंजनी सगळे निमूटपणे शिकली.

शनिवारी आई आणि आजी तिला वर्ग दाखवायला घेऊन आल्या. माझ्याखाली येताच अंजनीने आईचे लुगडे घट्ट धरले आणि नव्या झग्यात शू केली.

"एवढी शहाणी पोर, आणि हे काय?" आई वैतागली.

वर्गाच्या बाई, यमूताई, बाहेर आल्या. मुठीत काय आहे, असे त्यांनी अंजनीला विचारले.

"एक जण आत गेला आणि आलाच नाही," अंजनी खडा दाखवत म्हणाली. "घणघण्यानं खाल्ला."

आजीचा चेहरा उतरला. यमूताई हसल्या नाहीत. तो कोणता दिवस, हे त्यांनी नीट विचारून घेतले. त्या दिवशी गुरुदत्त नावाच्या मुलाला ताप भरला होता आणि त्यांनी त्याला मागच्या दाराने घरी पोचवले होते. त्यांनी अंजनीला ओल्या झग्यासकट कडेवर घेतले आणि समोरच्या बराकीत नेले. गुरुदत्त ओट्यावर पेज पीत बसला होता. अंजनीने त्याला चिमटा काढला. तो कळवळला, तेव्हा तिने खडा टाकला.

"मीच खोटं बोलले गो," आजी तिला म्हणाली. "चार घास पोटात जावे म्हणून."

सोमवारी ठोका पडला तेव्हाही अंजनी आईला बिलगली. भीती एका दिवसात जात नाही. दारात थांबून तिने यमूताईंना विचारले, "डबा संपला नाही तर?"

"तर घरी न्यायचा."

तिने आईचा हात सोडला आणि ती आत गेली.

आता मला गंज चढला आहे. शाळेने पितळी घंटा आणली आहे. मित्रांनो, मला तेल लावले नाही तरी चालेल. पण तुमचे धाकटे भावंड जेवत नसेल, तर त्याला माझी भीती घालू नका. मूल हुशार असेल, तर ते त्या भीतीला पुरावासुद्धा शोधून काढते.